किचन आयलंडचा दगड: आधी स्लॅब मोजा, रंगाचं नंतर पाहू

सध्या नागपुरात बेसा-पिपळा, मनीषनगर, तिकडे जामठ्यापर्यंत जे डुप्लेक्स उभे होऊन राहिले त्यातल्या बऱ्याच घरांत किचनच्या मधोमध आयलंड पाहिजेच असतो. आयलंड म्हणजे भिंतीला न टेकलेला, चारही बाजूंनी मोकळा ओटा. एकीकडे भाजी चिरा, दुसरीकडे पोरं बसून तर्री-पोहे खातील, सणावाराला अख्खा स्वयंपाक मांडून ठेवता येतो, पुडाच्या वड्या लाटायला ऐसपैस जागा मिळते, फायदे पुष्कळ आहेत त्यात वाद नाही. वाद होतो तो दगडावरून आणि तोही उशिरा होतो. आर्किटेक्टनं कागदावर ८ बाय ५ चा आयलंड काढला, कारपेंटरनं त्या मापाचे बॉक्स, म्हणजे दगडाखालची प्लायची कपाटं, ठोकून ठेवली, मग एका रविवारी घरचे सगळे दगडाच्या यार्डात जातात रंग पसंत करायला, वहिनींना एक दगड आवडतो आणि तिथला माणूस सांगतो की हा ३ फूट रुंदीतच येतो. आता काय करता? मधून जोड घ्या नाहीतर दुसरा दगड पाहा.

माझं काम रोजचं साईटवरचं आहे आणि सगळ्यांना मी एकच सांगत असतो, आयलंडचं माप दगडाच्या स्लॅबवरून, म्हणजे कापून आलेल्या अख्ख्या लादीवरून काढा, आयलंडच्या मापावरून दगड शोधत बसू नका. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आता हे ३ फुटाचं प्रकरण काय आहे ते पाहा. खाणीतून दगडाचा मोठा ठोकळा निघतो, त्याचे काप करायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे गोल ब्लेडचं कटर मशीन. गोल ब्लेड किती मोठं असणार? जेवढं ते आत जाईल तेवढीच स्लॅबची रुंदी, म्हणून कटर साईझचा माल साधारण २ ते ३ फूट रुंद आणि ७ ते ९ फूट लांब मिळतो. आपल्या भिंतीच्या ओट्याला २ फूट खोली लागते, त्याला हा माल एकदम बरोबर बसतो आणि स्वस्तही पडतो, म्हणूनच बहुतेक दुकानांत पुढे हाच लावलेला असतो. दुसरा रस्ता गँगसॉचा, त्यात सरळ पात्यांची रांग अख्ख्या ठोकळ्यातून एकदम खाली उतरते, मग स्लॅब निघते ५ ते ६ फूट रुंद आणि ९-१० फूट लांब. आयलंड एका तुकड्यात पाहिजे असेल तर गँगसॉचाच माल मागायचा, हा शब्द दुकानात नुसता उच्चारला तरी समोरचा माणूस वेगळ्या गोडाऊनकडे घेऊन जातो.

आणि ५ फूट लिहिलं म्हणजे ५ फूट कामाचे असं नसते बरं का. स्लॅबच्या कडा ओबडधोबड असतात, एखाद्या कोपऱ्यात तडा असतो, कुठं पॉलिश नीट चढलेलं नसते. टेप घेऊन जा आणि कामात येणारा चौकोन स्वतः मोजा, स्टिकरवरचं माप धरू नका. मोजल्यावर त्यातून पुन्हा २-३ इंच कापायला सोडायचे, मग जो आकडा उरला तो तुमचा आयलंड. बहुतेक घरांत गाडी ८ बाय ४ वर येऊन थांबते आणि खरं सांगायचं तर ८ बाय ४ पुष्कळ झाला, ५ फूट रुंद आयलंडच्या मधोमध ठेवलेली वस्तू एका बाजूनी हात लांब करून नीट पुसता पण येत नाही.

जागेचा हिशोब इथंच करून घ्या कारण तो छोटा आहे. आयलंडच्या भोवती एक माणूस काम करणार असेल तर साडेतीन फूट मोकळे पाहिजे, दोघं-तिघं वावरणार असतील तर ४ फूट. म्हणजे ४ फुटाच्या आयलंडला, एकीकडे २ फुटाचा भिंतीचा ओटा धरून, किचनची रुंदी साधारण १४ फूट लागते. किचन ११ फूट रुंद असेल तर आयलंडचा नाद सोडा आणि चांगला डायनिंग टेबल घ्या, फ्रिजचं दार उघडलं की मागून कोणी जाऊ शकत नाही असे आयलंड मी पाहिले आहेत, लोक दोन महिन्यांत वैतागतात.

आता वजन. ग्रॅनाईटचा २० मिलीमीटर जाडीचा १ चौरस फूट तुकडा साधारण ५ किलोचा भरतो, काळा असेल तर थोडा जास्तच. ८ बाय ४ म्हणजे ३२ चौरस फूट, म्हणजे वरचा नुसता दगड १६० ते १८० किलो. दोन्ही बाजूंनी दगड खाली जमिनीपर्यंत उतरवायचा असेल, ज्याला वॉटरफॉल म्हणतात, तर आणखी शंभर-सव्वाशे किलो मोजा. हे ऐकून लोक घाबरतात आणि विचारतात खालच्या मजल्याचं छत हे वजन धरेल का. घरातल्या खोल्यांच्या छताचं डिझाईन भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला २०० किलोचा वापराचा भार धरून करतात, आयलंडची जागा झाली ३ चौरस मीटर, म्हणजे ६०० किलो. प्लायचे बॉक्स, दगड, भांडी, डबे सगळं मिळून यात बसून जाते. गडबड होते ती विटांमुळे. गावाकडच्या घरात ओटा विटांचा असते म्हणून इथंही कोणीतरी मिस्त्री सांगतो की मजबूत पाहिजे तर वीट रचू, आणि चारही बाजूंनी अर्ध्या विटेची पावणेतीन फुटी भिंत उचलली की ती एकटीच हजार-बाराशे किलोच्या घरात जाते. पहिल्या मजल्यावर किंवा फ्लॅट स्कीममध्ये हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय अजिबात करू नका.

तळमजल्यावर असाल तर छताची चिंता नाही पण आपल्याकडं दुसरीच भानगड आहे, काळी माती. नवीन ले-आऊटमध्ये प्लॉटवर काळी माती असते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, आणि त्यावर मुरूम टाकून घाईनं केलेली फरशी पहिल्या-दुसऱ्या पावसात जराशी तरी बसते. कॉलमवरचं घर जागेवर राहते, फरशी खाली जाते. आयलंड उभा असते फरशीवर. एका कोपऱ्यात जमीन पाव इंच बसली की वरचा ८ फुटाचा अखंड दगड एका बाजूनी अधांतरी होतो आणि तो तडकतो तर कुठं, जिथं सगळ्यात कमी दगड उरला आहे तिथं, म्हणजे सिंकच्या पुढच्या पट्टीत. भरावाचं काम नीट पाणी मारून, धुमस करून झालं आहे का हे टाईल्स लावायच्या आधी विचारा. आणि बॉक्स खाली-वर करता येणाऱ्या पायांवर ठेवले तर नंतर लेव्हल दुरुस्त करता येते, विटांच्या कामात ती सोय नाही.

सिंक की गॅस, आयलंडवर काय ठेवायचं? व्हिडिओ पाहून सगळ्यांना गॅस मध्यभागी पाहिजे असते. नागपुरात मी तरी नाही म्हणतो. मार्च संपला की हॉलमध्ये कूलर लागतो, ओपन किचन असलं की त्याची हवा थेट आयलंडवर येते आणि हॉबची, म्हणजे ओट्यात बसवलेल्या शेगडीची, ज्योत लपलप करत राहते, मग एकतर कूलर बंद करा नाहीतर गॅस. मे महिन्यात कूलर बंद करून फोडणी देऊन पाहा. त्यात गॅसची पाईप जमिनीतून आणावी लागते, चिमणी छताला टांगावी लागते, आणि टांगलेल्या चिमणीला भिंतीचा आडोसा नसल्यामुळं सावजीचा मसाला परतला की सोफ्यापर्यंत खकाणा जातो. गॅस भिंतीकडं असू द्या. आयलंडवर भाजी-फळं धुवायला छोटं सिंक ठेवायचं असेल तर ठेवा, पण पाण्याची आणि निचऱ्याची पाईप फरशीच्या आतून जाते, तिचा उतार आधीच काढावा लागते, टाईल्स लागल्यावर आठवलं तर सगळी फरशी फोडणं आलं. मिक्सरच्या प्लगसाठी वायरची पाईप पण त्याच वेळी टाकून घ्या.

बसायची बाजू. खुर्चीवर बसणाऱ्याचे गुडघे आत जायला दगड बॉक्सच्या पुढं निदान १२ इंच यायला पाहिजे आणि दर माणशी २ फूट रुंदी धरा, म्हणजे ८ फुटात आरामात तिघं, दाटीवाटीनं चौघं. हा पुढं आलेला दगड खालून कशानं धरला आहे हा खरा प्रश्न आहे. २० मिलीचा दगड ६ इंचापर्यंत आणि ३० मिलीचा १० इंचापर्यंत आधाराशिवाय चालतो, त्याच्या पुढं लोखंडी आधार लागतोच. आपल्या बाजारात २० मिली म्हणून जो माल असते तो मोजला की कितीदा तरी १६ किंवा १८ भरतो, त्यामुळं कागदावरच्या जाडीवर भरवसा नको, कडेला पट्टी लावून पाहा. आधार म्हणजे जाड लोखंडी पट्ट्या, बॉक्सच्या वर बसवून पुढं काढायच्या, दर दीड-दोन फुटाला एक, दगड त्यांच्यावर बसतो आणि खालून काही दिसत नाही, गुडघेही आपटत नाहीत. कडेला दुसरी पट्टी चिकटवून दगड जाड दाखवतात ती नुसती दिसायला, त्यानं मधला दगड काही जाड होत नाही. आणि आपल्या घरात त्या पुढच्या काठावर पोरं चढून बसणार हे धरूनच चला, शिवाय कोणीतरी तिथंच खलबत्ता ठेवून लसूण कुटणार.

आता दगड कोणता. इथं फार लोक फार बोलतात, मी थोडक्यात सांगतो.

ग्रॅनाईट कडक, उष्णता सहन करणारा, आंबट-तिखटाला दाद न देणारा, आणि आपल्याला जवळ, कारण काळा आणि तपकिरी माल मुख्यतः तेलंगणा-आंध्रातून येतो. तपकिरी टॅन ब्राऊन करीमनगरकडचा, चमचमणारा ब्लॅक गॅलेक्सी प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीचा. गरम कढई थेट ठेवली तरी ग्रॅनाईटला सहसा काही होत नाही. काळ्या रंगात एक फसवणूक चालते, करड्या दगडाला रंग आणि तेल मारून काळा करून विकतात. तपासणं सोपं आहे, घरून नेलपॉलिश रिमूव्हर आणि पांढरा कपडा न्या, स्लॅबच्या एका कोपऱ्यात दोन मिनिटं घासा, कपड्याला काळं लागलं तर पुढं चला. फिक्या रंगाच्या ग्रॅनाईटसाठी दुसरी तपासणी, पाण्याचे दोन-चार थेंब टाका आणि १०-१५ मिनिटं चहा पिऊन या. थेंबाखाली गडद डाग उमटला म्हणजे दगड पाणी पितो, पाणी पितो म्हणजे हळदीचं तेलही पिणार, मग सीलर, म्हणजे दगडाची बारीक छिद्रं बुजवणारं औषध, मारावा लागेल आणि तो अधूनमधून पुन्हा मारावा लागेल. गडद काळ्या दगडाला हा त्रास जवळपास नाही पण बोअरचं जड पाणी असेल तर सिंकभोवती पांढरे डाग रोज पुसावे लागतात, लेदर फिनिश, म्हणजे चकचकीत नसलेला जरासा खरबरीत पृष्ठभाग, घेतलं तर ते कमी दिसतात.

संगमरवर दिसायला सुंदर असते, मान्य, पण तो मुळात चुन्याचा दगड आहे आणि चुन्याला आंबट चालत नाही. संत्र्याचा रस सांडला, लिंबाची फोड उलटी ठेवली, ताकाचं भांडं ओलं ठेवलं, अंबाडीची भाजी निवडून-धुवून तिथंच पसरली, की त्या जागेचं पॉलिश मरते. तो डाग नसतो, वरचा थर विरघळलेला असते, म्हणून कितीही घासा निघत नाही, मशीननं पुन्हा पॉलिशच करावी लागते. ज्या शहरात डिसेंबरमध्ये पेटीनं संत्री घरात येतात तिथं आयलंडवर संगमरवर म्हणजे रोजची कटकट. देवघरात लावा, छान दिसते. कडप्पा आणि कोटा हेही चुन्याचेच दगड, खाली आधाराला चालतात, वर नको.

तिसरा क्वार्ट्झ. हा कारखान्यात बनतो, साधारण ९० टक्के दळलेला क्वार्ट्झ आणि बाकी रेझिन, चिक्कीत गुळानं शेंगदाणे धरून ठेवावे तसं रेझिननं दगड धरलेला असते. म्हणून तो पाणी पित नाही, हळद फारशी धरत नाही, रंग एकसारखा, स्लॅब साधारण साडेदहा बाय सव्वापाच फूट म्हणजे ८ बाय ४ चा आयलंड आरामात एका तुकड्यात. पण गुळाचं जे होते तेच रेझिनचं होते, दीडशे डिग्रीच्या पुढं त्याला सोसत नाही, गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवली की पिवळा चट्टा किंवा तडा. आणि कडक उन्हात तो हळूहळू पिवळा पडतो, डुप्लेक्समध्ये आयलंडवर काचेचं छत ठेवायची जी नवीन टूम आहे त्याखाली पांढरा क्वार्ट्झ लावू नका. नैसर्गिक क्वार्ट्झाईट म्हणून जे मिळते ते वेगळं, तो खराखुरा दगड आहे, महाग आहे, आणि त्या नावाखाली कधीकधी संगमरवरच खपवतात, नमुन्याच्या तुकड्यावर लिंबू पिळून पाहिलं की कळते.

क्वार्ट्झचं अजून एक, जे विकणारा सांगणार नाही. हा दगड कोरडा कापला की जी बारीक धूळ उडते त्यात सिलिका फार असते, ती फुफ्फुसात जाऊन बसते आणि कारागिरांना सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून हा इंजिनिअर्ड दगड बनवणं, विकणं, बसवणं सगळं बंद केलं ते याच्यामुळं. ग्रॅनाईटमध्येही सिलिका असते, कमी असते इतकंच. तेव्हा दगड कोणताही असू द्या, कापणं यार्डातच, पाणी सोडून होऊ द्या. घरात येऊन दरवाजे लावून ग्राईंडर चालवणाऱ्या पोरांना निदान चांगला मास्क तरी द्या, रुमाल बांधून काही होत नाही.

जोड टाळता येत नसेल तर कुठं घ्यायचा हे तुम्ही ठरवा, मिस्त्रीवर सोडू नका. सिंकच्या किंवा हॉबच्या छिद्रातून जोड काढायला त्यांना आवडते कारण तिथं जोडाची लांबी कमी होते, पण तिथंच दगड सगळ्यात अरुंद आणि तिथंच पाणी. जोड छिद्रापासून लांब, खाली बॉक्सची भिंत असेल त्या रेषेवर, आणि रुंदीच्या दिशेनं आडवा घ्या. लांबीच्या दिशेनं मधोमध ८ फूट रेघ गेली की ती रोज डोळ्यात खुपते आणि पोळी लाटताना पीठ त्यात जाऊन बसते. काळ्या किंवा बारीक ठिपक्यांच्या दगडात जोड जवळपास लपतो, वाहत्या रेषांच्या दगडात कितीही चांगली लापी, म्हणजे जोड भरायची पुट्टी, भरली तरी दिसतो. सिंकचं छिद्र कापताना आतले कोपरे गोल ठेवायला सांगा, काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातूनच पुढं तडा सुरू होतो.

पैशाचं एक गणित बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गँगसॉची स्लॅब साडेनऊ बाय साडेपाच, म्हणजे ५२ चौरस फूट, तुम्हाला लागले ३२, पण दुकानदार पैसे अख्ख्या स्लॅबचे घेतो. उरलेले २० चौरस फूट तुमचेच आहेत, ते घेऊन या. दीड फुटाची लांब पट्टी निघते, तिच्यात खिडक्यांच्या पट्ट्या, बाथरूमचे उंबरठे, भिंतीच्या ओट्यामागची पट्टी सगळं बसते, म्हणून यार्डात जाताना घरात दगड कुठंकुठं लागतो त्याची यादी आणि मापं खिशात ठेवा. काठाचं मोल्डिंग रनिंग फुटावर, छिद्रं नगावर आणि फिटिंग वेगळं लागते, हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्या. वॉटरफॉल करायचा असेल तर रेषा जुळाव्या म्हणून दुसरी स्लॅब त्याच ठोकळ्यातली, लागूनची पाहिजे, दोन्ही एकदमच उचला, महिन्यानं जाल तर ती गेलेली असते.

स्लॅब घरात येणार कशी हेही आत्ताच पाहा. दगड नेहमी उभाच उचलतात, आडवा धरला की स्वतःच्याच वजनानं मोडतो. ४ फूट उंच आणि ८ फूट लांब उभा तुकडा दारातून सहज जातो, अडकतो तो जिन्याच्या वळणावर. फ्लॅटमध्ये लिफ्टमध्ये तर तो मावतच नाही. जिन्याचा लँडिंग मोजा, वळत नसेल तर बाल्कनीतून वर घ्यायची सोय आहे का ते पाहा, दोन्ही नसेल तर मग जोड आलाच आणि तो डिझाईनमध्येच धरा.

शेवटचं माप बॉक्स जागेवर बसून, लेव्हल होऊन, सिंक हातात आल्यावरच द्यायचं, कंपनीच्या पुस्तकातल्या मापावरून छिद्र कापू देऊ नका. दगड बसला की जोड पक्का होईस्तोवर एक दिवस त्यावर काही ठेवू नका. आणि काम संपताना मिस्त्री लोक सगळी फरशी ॲसिडनं धुतात, त्या दिवशी घरी कोणीतरी थांबा आणि आयलंडच्या दगडावर, विशेषतः जोडांवर आणि खालच्या कडप्प्यावर, त्या बादलीतला एक मगही पडू देऊ नका. साधा साबण आणि पाणी पुरते.